अनुसूचीत न सापडलेले नाव

दिवाळी अंकात समीक्षा करावयाची ती कादंबरीची, नाटकाची, फार तर एखाद्या आत्मचरित्राची, असा आपला रिवाज आहे. यंदा मी टीकेसाठी घेतली आहे ती एका देशाची राज्यघटना. देश मॉरिशस. हिंदी महासागरातले, आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढेही नसलेले बेट. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. फराळाच्या ताटाशेजारी घटना कसली वाचावयाची, असे कोणी म्हणेल. परंतु १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारावर जी माणसे तेथे नेली गेली, त्यांत आपल्या कोकणातली मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवितात. तेव्हा दूरच्या नातेवाइकाच्या घरचे कागद पाहावेत तशा भावनेने मी हे पुस्तक उघडले, आणि साहजिकच प्रथम त्यात आपले नाव कोठे आहे ते शोधू लागलो.

ही खोड मला शेजाराने लावली. मी राहतो उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित येथल्या लष्करी बराकींत उतरले. १९४९ मध्ये छावणीला गावाचे नाव मिळाले, तरी पत्ता सांगताना आम्ही अजून कॅम्पचा नंबरच सांगतो. शेजारचे वृद्ध सिंधी गृहस्थ एकदा सहज बोलून गेले, "साईं, आम्हाला प्रांत नाही. पण सदुसष्ट साली घटनेत आमच्या बोलीचे नाव आले." १९६७ मध्ये आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश झाला, त्याविषयी ते बोलत होते. साऱ्या अनुसूचीत एक शब्द. पण तो सांगताना म्हातारा ताठ बसला होता.

मॉरिशसच्या घटनेचा मुख्य भाग इंग्रजी वळणाचा आहे. लोकांनी निवडलेले सभागृह, बहुमताचा पंतप्रधान, आणि १९९२ पासून सभागृहाने निवडलेला, बहुतांशी शोभेचा राष्ट्रपती. शेवटचे अपील अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात जाते, हे वाचून हसू येते, पण तेही चालावयाचे. खरी कलाकृती आहे ती पहिल्या अनुसूचीत.

बेटाचे वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन प्रतिनिधी. मतदाराने तीन मते द्यावयाची, एकही कमी नाही. रॉड्रिग्ज या धाकट्या बेटाचे दोन. मिळून बासष्ट. आमच्या कॅम्पातल्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत एका प्रभागातून चार-चार नगरसेवक निवडताना आम्हीही यंत्रासमोर बटणे मोजीत उभे होतो. पण पुढचा प्रकार निराळा आहे. निकाल लागल्यावर आणखी आठ जागांपर्यंत भर घालता येते, आणि त्या मिळतात हरलेल्या उमेदवारांना! कोणत्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने जागा कमी पडल्या ते पाहावयाचे. त्या समाजाच्या संख्येला त्याच्या मिळालेल्या जागांत एक मिळवून भागावयाचे. ज्याचा भागाकार मोठा, त्याच्या पराभूतांपैकी ज्याला सर्वांत चांगली मते पडली त्याला आत घ्यावयाचे. पहिल्या चार जागा देताना पक्ष पाहावयाचा नाही. पुढच्या चार अशा द्यावयाच्या की, या भरतीने पक्षांचे बळ मुळात होते त्याहून बिघडू नये. आपल्याकडे राखीव जागेची सोडत मतदानाआधी निघते आणि शिक्का जागेवर बसतो. तेथे भरपाई मतदानानंतर होते आणि शिक्का माणसावर बसतो. अर्ज भरतानाच उमेदवाराने आपला समाज लिहून द्यावयाचा असतो.

समाज कोणते? हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे मॉरिशसवासी. आणि ज्याच्या राहणीवरून तो या तिघांपैकी कोणातच बसत नाही असे दिसते, तो 'सामान्य जनता' या चौथ्या समाजातला. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज आणि त्यांच्या मालकांचे, फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज, दोघेही याच एका रकान्यात! लेखक म्हणून मला 'राहणी' हा शब्द अडला. वाद निघाला तर निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने द्यावयाचा. त्याने उमेदवाराचा देव्हारा पाहावयाचा की स्वयंपाकघर?

मराठी मनुष्य या यादीत नाही. तो हिंदूंत मोडतो. तमिळ आणि तेलुगूही तेथेच. मला प्रथम वाईट वाटले, हे कबूल करतो. मग त्या देशाच्या सुट्ट्यांची यादी पाहिली. तमिळांचा थैपूसम, तेलुगूंचा उगादी, चिनी नववर्ष, ईद, आपली दिवाळी, आणि मराठी लोकांची म्हणून गणेश चतुर्थी. ख्रिस्ती लोकांचे दोन सण आलटून पालटून, एक वर्ष हा, एक वर्ष तो. घटनेत न मिळालेले नाव आमच्या मंडळींना दिनदर्शिकेत मिळाले, आणि शाळेतही, कारण तेथे मराठी शिकविली जाते. सुट्टीच्या दिवशी कोणालाही कोणाच्या राहणीचा दाखला द्यावा लागत नाही.

तरीही ज्यांनी ही अनुसूची रचली त्यांना मूर्ख ठरविण्यास मी तयार नाही. १९६७ च्या ऑगस्टात स्वातंत्र्याच्या प्रश्नावर निवडणूक झाली तेव्हा बेट जवळजवळ दुभंगले होते, आणि १२ मार्च १९६८ ला झेंडा चढण्याआधी जानेवारीत राजधानी पोर्ट लुईमध्ये दंगली होऊन ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. अशा घरात धाकट्यांना हिस्सा लिहून देणे शहाणपणाचेच होते. दुसरी एक गंमत तीत आहे. १९८२, १९९५ आणि २०२४ या तीन वेळी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीने जिंकल्या. मते मात्र साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपासच होती. २०२४ मध्ये हरलेल्या आघाडीला सभागृहात बसावयास जी थोडी जागा मिळाली ती हरलेल्यांसाठी ठेवलेल्या या दारानेच.

दोष आहे तो पुढच्या कलमदुरुस्तीत. १९७२ नंतरच्या जनगणनांत समाजाचा रकानाच काढून टाकला गेला, आणि १९८२ मध्ये घटनेत लिहिले की भागाकारासाठी आकडे १९७२ चेच घ्यावयाचे. त्या वर्षी पाळण्यात असलेले मूल आता पन्नाशी ओलांडून गेले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने सांगितले की, अद्ययावत आकडे नसताना उमेदवारावर समाज जाहीर करण्याची सक्ती करणे हा त्याच्या हक्काचा भंग आहे. २०१४ मध्ये तेवढ्या एका निवडणुकीपुरती सक्ती उठली. पुढे पुन्हा तोच अर्ज, तोच रकाना. शिवाय एवढी नाजूक वाटणी करून पंतप्रधानपद १९६८ पासून फिरले आहे ते रामगुलाम, जगन्नाथ आणि बेरेंजे या तीन आडनावांत. त्यांपैकी बेरेंजे एकटेच हिंदू नव्हेत, आणि त्यांच्या वाट्याला दोनच वर्षे आली, २००३ ते २००५. तीही निवडणुकीआधी ठरलेल्या वाटणीनुसार.

पुढची आवृत्ती काढताना लेखकांनी काय करावे, हे सांगणे टीकाकाराला शोभत नाही, तरी सांगतो. हरलेल्यांसाठी खुर्च्या ठेवाव्यात, पण त्या मतांच्या प्रमाणात द्याव्यात. आल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये पक्षांच्या मतांवरून भरावयाच्या तीस जागा सुचविल्या होत्याच. 'राहणी'चे वाक्य मात्र गाळावे.

हे सारे मी शेजारच्या गृहस्थांना वाचून दाखविले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "तुमच्या लोकांचे नाव घाला म्हणून नाही लिहिलेत?" मी म्हटले, नाही लिहिले. ते काही बोलले नाहीत. चकलीचा तुकडा मोडून त्यांनी अर्धा माझ्यापुढे केला.