रेफरन्स फॉरमॅटिंग: स्वल्पविराम बरोबर, संदर्भ चूक



मागच्या महिन्यात माझी मॅन्युस्क्रिप्ट एका जर्नलकडून परत आली. रिजेक्ट झाली नव्हती, रिव्ह्यूअरपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. संपादकीय कार्यालयातूनच शेरा आला: जर्नलची नावं संक्षिप्त नाहीत, तीन ठिकाणी डीओआय नाही, सहापेक्षा जास्त लेखक असले तर पुढे 'एट अल' लिहा. एकूण 58 रेफरन्स होते. अडीच दिवस मी स्वल्पविराम आणि टिंबं मोजत बसले. सगळं चकाचक करून मॅडमना दाखवलं. त्यांनी यादी वरून खाली पाहिली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अगं, हा कोसंबींचा पेपर उघडून बघितलायस का?"

नव्हता बघितला. आमच्या लॅबमधल्या एका सिनियरच्या प्रबंधातून ते वाक्य आणि तो रेफरन्स मी जसाच्या तसा उचलला होता.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी ज्वारीच्या जनुकीय नकाशावर काम करते. दोन मार्करमधलं रिकॉम्बिनेशन किती टक्के आहे ते मोजता येतं, पण त्यावरून सेंटीमॉर्गनमधलं अंतर काढायला सूत्र लागतं. एक सूत्र हॅल्डेन यांचं, 1919 सालचं. एका ठिकाणी क्रॉसओव्हर झाला तर शेजारी दुसरा होण्याची शक्यता कमी होते, ही गोष्ट ते धरत नाही. दुसरं दामोदर कोसंबी यांचं, ते ही गोष्ट धरतं. हो, तेच कोसंबी, गोव्यात जन्मलेले, इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत असलेले. मूळचे गणितज्ञ. त्यांचा हा पेपर 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'च्या 12व्या खंडात आहे, पानं 172 ते 175. चार पानं फक्त!

आता गंमत बघा. हा पेपर कुठे 'कोसंबी 1944' असा दिसतो, कुठे 'कोसंबी 1943'. मी 1944 लिहिलं होतं. प्रकाशकाच्या पानावर 1943 आहे. (वडिलांचं, म्हणजे धर्मानंदांचं, एखादं पुस्तक त्याच यादीत असतं तर आद्याक्षरांवरून बाप कोण आणि मुलगा कोण हेही कळलं नसतं. दोघेही डी. डी.!) पण वर्ष चुकलं तरी खंड आणि पान बरोबर असेल तर वाचक पेपरपर्यंत पोचतोच. ही चूक छोटी.

मोठी चूक वेगळीच निघाली. मेथड्समध्ये मी लिहिलं होतं, 'अंतरं कोसंबींच्या सूत्रानं काढली'. मॅडमनी स्क्रिप्ट उघडायला लावली. आर-क्यूटीएल पॅकेजमध्ये नकाशा काढताना सूत्राचं नाव दिलं नाही तर ते हॅल्डेनचं सूत्र धरतं. मी नाव दिलंच नव्हतं. म्हणजे काम हॅल्डेनच्या सूत्रानं केलं आणि श्रेय कोसंबींना दिलं. फरक किती पडतो? रिकॉम्बिनेशन 20 टक्के असेल तर हॅल्डेनप्रमाणे अंतर 25.5 सेंटीमॉर्गन येतं, कोसंबींप्रमाणे 21.2. माझी सगळी टेबलं चुकीच्या नावाखाली होती. आणि हा रेफरन्स फॉरमॅटच्या दृष्टीनं यादीतला सगळ्यात निर्दोष!

म्हणून माझी तक्रार जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' या प्रकाराबद्दल आहे. एका जर्नलची सूचना मी परत वाचली. खंडाचा आकडा ठळक हवा, वर्ष कंसात हवं, पानांच्या मध्ये छोटी रेघ हवी. दिलेला संदर्भ स्वतः वाचलाय का, तुमच्या वाक्याला त्याचा आधार आहे का, याबद्दल एक ओळ नाही. जे यंत्राला जमतं ते माणसाकडून करून घ्यायचं आणि जे माणसालाच जमेल ते विचारायचंच नाही, असा हा उलटा कारभार.

याचं टोक बघायचं असेल तर व्हॅन डर गीअर, हानराड्स आणि लप्टन यांचा 2000 सालचा 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल' हा पेपर शोधा. सापडणार नाही, कारण तो नाहीच. एल्सेव्हियरनं लेखकांना फॉरमॅट समजावा म्हणून दिलेला तो बनावट नमुना. ॲन-विल हार्झिंग यांनी 2017 मध्ये याबद्दल लिहिलं तेव्हा वेब ऑफ सायन्समध्ये या नसलेल्या पेपरला जवळपास 400 सायटेशन होती. बरीचशी परिषदांच्या पेपरांमधली. टेम्प्लेटमधला नमुना पुसायचा राहून गेला असणार. फॉरमॅट अर्थातच अचूक. आता एआय चॅटबॉट असेच सुबक, अस्तित्वात नसलेले रेफरन्स मिनिटाला दहा तयार करून देतात.

सिमकिन आणि रॉयचौधरी यांचा 2003 सालचा अभ्यासही तुम्हाला कोणीतरी सांगेल. एका गाजलेल्या पेपरच्या सुमारे 4300 सायटेशनमध्ये त्यांना 196 चुका सापडल्या, पण वेगवेगळ्या फक्त 45. पानाच्या आकड्यातली एकच चूक 78 वेळा आली होती. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की सायटेशन देणाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्केच लोक मूळ पेपर वाचतात. मला हा निष्कर्ष जरा कडक वाटतो. पेपर वाचूनही रेफरन्सची ओळ दुसऱ्याच्या यादीतून कॉपी करणारे असतातच. पण माझ्या बाबतीत तो शंभर टक्के लागू पडला, त्यामुळे फार वाद घालत नाही.

फॉरमॅटिंग निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. व्हँकूव्हर पद्धत 1978 मध्ये वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी एकत्र बसून ठरवली, ती लेखकांचा त्रास कमी व्हावा म्हणूनच. प्रत्येक जर्नलनं त्यात स्वतःचं तिखटमीठ घातलं हा पुढचा भाग. एल्सेव्हियरच्या अनेक जर्नलांत आता पहिल्या सबमिशनला कुठलीही शैली चालते, फक्त ती सगळीकडे एकसारखी हवी. म्हणून सूचना आधी वाचा, माझ्यासारखं नंतर नाही.

बाकी काम झोटेरोवर सोपवा, पण आंधळेपणानं नको. शीर्षकं वाक्यासारखी, म्हणजे फक्त पहिलं अक्षर कॅपिटल अशी साठवा. प्रत्येक शब्द कॅपिटल करणं झोटेरोला जमतं, उलटं नीट जमत नाही. प्रजातींची नावं तिरपी होत नाहीत, तिथे हातानं टॅग घालावा लागतो. लेखकाच्या जागी संस्था असेल तर नावाची दोन खाणी एक करा, नाहीतर कृषी विद्यापीठाचं आडनाव 'विद्यापीठ' होतं. मागे घेतलेल्या पेपरवर झोटेरो लाल पट्टी दाखवतं, ती दिसली की थांबा. आणि मॅन्युस्क्रिप्टमधल्या प्रत्येक सायटेशनसमोर मूळ पेपरचं पान आणि तिथलं वाक्य एका एक्सेल शीटमध्ये लिहा. मी हे नंतर केलं. 58 पैकी चार रेफरन्स काढून टाकावे लागले, त्यातला एक तर माझ्या म्हणण्याच्या बरोबर उलट सांगत होता.

नकाशा कोसंबींच्या सूत्रानं परत काढला. नकाशाची लांबी कमी झाली, टेबलं बदलली, चर्चेतला एक परिच्छेद गेला. परवा मॅन्युस्क्रिप्ट पुन्हा सबमिट केली, या वेळी 1943 लिहून. काल शेरा आला: 17 नंबरच्या रेफरन्समध्ये जर्नलच्या नावानंतरचं टिंब राहिलंय.