स्टीफन्सचें पुराण आणि आपली ओवी

फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'विषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांत एक गोष्ट हटकून असते: या इंग्रज जेझुइटानें मराठीची केवढी स्तुति केली! त्या स्तुतीनें आपला ऊर भरून येतो आणि ग्रंथ मिटून ठेवावयास आपण मोकळे होतों. आमच्या मतें हें कौतुक ग्रंथावर अन्याय करणारें आहे. स्टीफन्सनें मराठीस काय दिलें यापेक्षां ओवीनें त्यास काय करावयास लाविलें, हाच खरा प्रश्न आहे.

१५७९ सालीं तो गोव्यास आला. तेथील साष्टी प्रांतांतल्या नवख्रिस्ती लोकांस जुनीं पुराणें बाळगण्याची बंदी होती. पण पुराण ऐकण्याची संवय कोणत्या फर्मानानें जाणार? ग्रंथारंभींच एक ब्राह्मण विचारतो कीं, आमचीं पुराणें बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं? या मागणींतूनच ग्रंथ जन्मला. १६१६ त प्रथम छापल्या गेलेल्या या सुमारें अकरा हजार ओव्यांत कथा बायबलाची आहे खरी, पण स्वर्गाचें नांव वैकुंठ आहे. शिकवावयास आलेला पाद्री श्रोत्यांच्या बैठकींत पुराणिक होऊन बसला!

सगळाच ग्रंथ रसाळ आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. सिद्धान्त समजावून सांगतांना ओवी अडखळते. गद्यच चार चरणांत कोंबल्यासारखें वाटतें. कथा चालूं लागली कीं तीच ओवी मोकळी, घरगुती होते. दळणाकांडणाच्या वेळीं जी पिढ्यान् पिढ्या गाइली गेली, तिला वादविवादापेक्षां गोष्ट अधिक मानवावी यांत नवल नाहीं.

पुढें राज्यकर्त्यांस हीच जवळीक नकोशी झाली. १६८४ त स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम निघाला. पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांनीं ग्रंथ जगविला, आणि १९०७ सालीं तो मंगळुरास पुन्हां छापला गेला. १७३६ च्या जाहीरनाम्यानें तर लग्नघरीं ओव्या म्हणण्यासही मनाई केली. तरी ख्रिस्ती लग्नांत नारळाचा रोस लावतांना बायका कोंकणी 'वोव्यो' म्हणतच राहिल्या. आरंभीं क्रूसाची खूण, आणि पुढें तीच जुनी ओवी.