वाड्यातलं सोनं आणि आपली हक्कसोड

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगमंचावर आलं. एका संस्कृतीचा अस्त, असं म्हणून या नाटकावर उसासे टाकले जातात. पण कुणाची संस्कृती? कुणाच्या घामावर उभी? हे आपण नाही विचारायचं तर कुणी विचारायचं?

धरणगावच्या देशपांड्यांचं घर. कर्ता म्हातारा गेलाय. हातात पैसा नाही, तरी तेरवी इभ्रतीला साजेशीच झाली पाहिजे. अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. चंदू घरातच गड्यासारखा राबतोय. प्रभाला शिकायचं होतं, तिला शिकू दिलं नाही. पिढीजात सोनं मात्र जिवापाड जपलंय. वहिनी रात्री ते दागिने अंगावर घालते, तो प्रवेश जबरदस्त आहे. शेवटी रंजू तेच सोनं घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळते.

एलकुंचवार खोटं लिहीत नाहीत. इस्टेट जपणाऱ्यांनी घरची माणसं सडवली, हे ते उघडं दाखवतात. पण नाटक वाड्याच्या आतूनच बघतं. सोनं गेलं कुठं हे कळतं. आलं कुठून, हा सवाल नाटकाच्या मध्यभागी येत नाही.

आता आपल्याकडं या. पिढीजात इस्टेट आपल्यालाही होती की! महारवतन. १८७४ च्या कायद्यानं ते बांधून ठेवलेलं, वतनदाराबाहेर विकता येत नव्हतं. जमीन भावाभावांत वाटून वाटून हातरुमालाएवढी झाली. राबणूक मात्र वाटली गेली नाही, ती प्रत्येकाच्या माथी पुरीच्या पुरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. तरी वतनाचा मोह आपल्याच पुष्कळांना सुटत नव्हता. शेवटी १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं.

मित्रांनो, बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. लेकीला वाटा मिळावा म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल लढवलं, ते रखडवलं म्हणून १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली; राजीनाम्याच्या कारणांत ते एक मोठं कारण होतं. पुढं १९५६ चा वारसा कायदा आला. बौद्धांनाही तोच लागू आहे. त्यात कलम २३ होतं : भाऊ वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. म्हणजे प्रभानं वाड्यात कुढत राहावं, वाटा मात्र मागू नये! ते कलम २००५ साली गेलं. त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला.

कागदावर मिळाला. आपल्या वस्तीत काय चाललंय? बापानं नोकरी करून खोली घेतली, गावाकडं प्लॉट केला. चांगलं झालं. बाप गेला की तलाठ्याकडं वारसनोंद, आणि लगेच बहिणीपुढं हक्कसोडीचा कागद. सही नाही केली तर माहेर तुटतंय, म्हणून ती मुकाट सही करते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो तसाच बघत असतो. मग देशपांड्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय? त्यांचा वाडा चिरेबंदी, आपला पत्र्याचा!

म्हणून हे नाटक आपल्या पोरांनी जरूर बघावं, पण स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून बघावं. आपल्या कवितेत आई खूप आली. तिच्या हाताला पडलेले घट्टे आले. बहिणीचा वाटा अजून यायचाय. तो लिहा. आणि लिहायच्या आधी घरातला तो हक्कसोडीचा कागद फाडा.