‘जय भीम कॉम्रेड’: लांबी कुठे लागते, कुठे जड होते

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा सुमारे तीन तासांचा माहितीपट. तो पुरा व्हायला १४ वर्षं लागली.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. डाव्या चळवळीत गायलेला हा माणूस जाताना डोक्याला निळं कापड बांधून गेला. का? सिनेमा या प्रश्नामागे निघतो.

इथे लांबी कामाला येते. गाण्यांना, जलशांना वेळ मिळतो. खटला रेंगाळतो, ती वर्षं आपल्यालाही जाणवतात. कबीर कला मंचाची मुलं आधी गाताना दिसतात, पुढे त्यांतली काही भूमिगत होतात. दीड तासात हे सांगून झालं असतं, पण अंगावर आलं नसतं.

खटकतं ते वरच्या जातींतल्या मंडळींना बोलतं करणं. त्यांचं अज्ञान ऐकून आपण हसतो. मुद्दा लगेच कळतो, तरी री ओढली जाते. आणि हसून आपण स्वस्तात सुटतो.

लालबागेत बसून तर असं सुटता येत नाही. इथल्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलितांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे ना! १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तेव्हा लाल बावटा इथेच होता. म्हणजे घोगऱ्यांचा प्रश्न आधी आपल्या घरातला आहे.

कात्री लावायचीच तर त्या मुलाखतींना लावा. गाण्यांना नको.