पालकांचा ताण मोजताना: एका चांगल्या पेपरशी थोडं भांडण

भाजलेल्या मुलांच्या पालकांवर संशोधन करायचं मनात असेल तर बाकर, व्हॅन लोई आणि सहकाऱ्यांचा 2013 साली 'हेल्थ सायकॉलॉजी'त आलेला डच अभ्यास वाचाच. चार वर्षांपर्यंतच्या मुलांचे आई आणि वडील, दोघांनाही वेगवेगळं विचारलंय, तेही एकदाच नाही तर दीड वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा. आयांचा ताण वडिलांपेक्षा जास्त, काळाबरोबर तो उतरत जातो, आणि अपराधीपणा व राग यांचा ताणाशी संबंध दिसतो, असं ते सांगतात.

यातलं कौतुकाचं आधी. या विषयात बहुतेक वेळा फक्त आईला विचारलं जातं, कारण खाटेशेजारी तीच बसलेली असते. इथे बाप मोजलाय. शिवाय नवरा-बायकोची उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात हे ओळखून विश्लेषण बहुस्तरीय केलंय. (दोघांचे फॉर्म एक्सेलमध्ये एकाखाली एक टाकून सरळ टी-टेस्ट लावलेली मी पाहिली आहे. तसं करू नका.)

माझी अडचण मोजपट्टीशी आहे. 'इम्पॅक्ट ऑफ इव्हेंट स्केल' 1979 ची, होरोविट्झ यांची. 15 विधानं: 7 नको असताना मनात घुसणाऱ्या आठवणींबद्दल, 8 टाळण्याबद्दल. गेल्या सात दिवसांत हे किती वेळा झालं, एवढं सांगायचं. या पट्टीमागे एक गृहीत आहे, की घटना घडून गेलेली आहे आणि माणूस तिच्यापासून लांब जाऊ शकतो.

आता चहाचं पातेलं अंगावर सांडून पोळलेल्या मुलाचं घर डोळ्यांसमोर आणा. ड्रेसिंग बदलायचंय. जखम भरली की प्रेशर गारमेंट, दिवसाचे जवळजवळ 23 तास, कित्येकदा वर्षभर किंवा त्याहून जास्त. मूल वाढतं, व्रणाची कातडी त्याच्याबरोबर वाढत नाही, आखडते, मग पुन्हा ऑपरेशन. ही आई काय टाळणार? रोज तेल लावताना तिच्या बोटांखाली तोच व्रण असतो. तिचा टाळण्याचा स्कोअर कमी आला तर ती सावरली असेल, किंवा टाळायची सोयच तिला नसेल. आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो. म्हणून 'ताण उतरला' हे वाक्य उचलून 'सहा महिन्यांनंतर समुपदेशनाची गरज नाही' असं प्रस्तावात लिहू नका. पेपर तसं म्हणतही नाही, पण वाचणारे म्हणतात.

दुसरा मुद्दा भाषांतर करताना माझ्या लक्षात आला. गिल्टला मी सरळ 'अपराधीपणा' लिहिलं होतं. पायलटमध्ये एका आईचं उत्तर होतं, 'माझंच चुकलं.' दुसरीचं, 'सगळे मलाच बोलतात.' मी दोघींना एकच आकडा दिला! पण पहिली स्वतःला खातेय, आणि दुसरीवर घरातल्यांनी ठपका ठेवलाय. पहिलीशी एकटीशी बोलून उपयोग होईल. दुसरीशी एकटीशी कितीही बोला, संध्याकाळी ती त्याच घरात परत जाणार. तिथे सासू, नवरा, दीर यांना एकत्र बसवून अपघात कसा घडला ते डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी सांगावं लागतं. एका प्रश्नातून हा फरक सापडत नाही. आता मी तो तोडून दोन केलेत.

डच अभ्यासात एकक जोडपं आहे. त्यांच्या प्रश्नाला ते चालतंही. आपल्याकडे मात्र पातेलं उतरवताना आई कामावर आणि मूल आजीजवळ असू शकतं. म्हणून पट्टीच्या आधी मी एक साधा प्रश्न घातला: घरी ड्रेसिंग कोण करतं? पायलटमध्ये तीनदा उत्तर आलं, 'आजी.' आणि आजीसाठी माझ्याकडे फॉर्मच नव्हता, एथिक्स कमिटीची परवानगीही फक्त 'पालक' या शब्दापुरती होती. दुरुस्तीचा अर्ज मागच्या आठवड्यात टाकलाय.