रुक्मिणीस्वयंवर (नरेंद्रकृत)

यादव राजा रामदेवराय याच्या कारकीर्दीत नरेंद्र कवीने रचिलेले ओवीबद्ध शृंगारकाव्य (सु. १२९२). महानुभाव पंथाच्या ‘साती ग्रंथां’त त्याची गणना होते. कथाभाग भागवताच्या दशम स्कंधातील आहे. विदर्भराजा भीमकाची कन्या रुक्मिणी श्रीकृष्णाचे गुण ऐकून मनाने त्याला वरते. भाऊ रुक्मी मात्र तिचा विवाह शिशुपालाशी ठरवितो. तेव्हा ती ब्राह्मणाहाती श्रीकृष्णास संदेश पाठविते. कौंडिण्यपूर (जि. अमरावती) हे या कथेचे परंपरागत स्थान होय.

शीतोपचारांनीही न शमणारा विरहदाह यांसारखे दरबारी शृंगाराचे संकेत नरेंद्राने सढळपणे योजिले आहेत. वर्णनविस्तारामुळे कथानकाची गती काही ठिकाणी मंदावते. तथापि या अलंकरणातून एका राजकन्येचा निश्चय स्पष्टपणे उभा राहतो. मध्ययुगीन यूरोपातील दरबारी प्रेमकाव्याशी तुलना केल्यास हा विशेष ध्यानात येतो. दक्षिण फ्रान्समधील त्रूबदूर कवींच्या गीतांत बहुधा पुरुष उच्चकुलीन, अप्राप्य स्त्रीची आराधना करतो. येथे उत्कंठा स्त्रीची असून तिचे स्वत्व वरनिवडीतून प्रकट होते. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात (१५७१) हाच विवाह जीवशिवाच्या ऐक्याचे रूपक बनतो. नरेंद्राची रुक्मिणी प्रथम प्रेमिका आहे.

हे काव्य आपल्या नावावर व्हावे म्हणून रामदेवरायाने सुवर्णनाणी देऊ केली. ती नाकारून नरेंद्राने पुढे महानुभाव पंथाची दीक्षा घेतली, असे त्या पंथाची परंपरा सांगते. राजेच्छेपुढे स्वत्व राखणाऱ्या कवीची ही आख्यायिका काव्याच्या आशयाशी सुसंगत वाटते.