आरशासमोरची पिन-अप : शृंगार, शिवण आणि स्मरणरंजन

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी बराकींच्या भिंतींवर टाचणीने लावलेले स्त्रीचे चित्र वा छायाचित्र, एवढाच ‘पिन-अप’ या शब्दाचा मूळ अर्थ. हा शब्द १९४१च्या सुमारास मुद्रित भाषेत रूढ झाला. प्रतिमा मात्र त्याहून जुनी होती. आज या प्रतिमेवर प्रेम करणारे लोक कोण आहेत, हा प्रश्न विचारला की एक विलक्षण उलटापालट लक्षात येते. केसांचे मोठे वळे वर बांधणाऱ्या, उंच कमरेची अरुंद विजार किंवा घेरदार झगा स्वतः शिवणाऱ्या, लाल ओठ आणि बाकदार भुवया रेखणाऱ्या या प्रेमिकांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. लास व्हेगास येथे १९९८पासून भरणाऱ्या रॉकबिली संगीताच्या मेळाव्यात त्या शेकड्यांनी दिसतात. पुरुषाने पाहण्यासाठी निर्माण झालेली वस्तू स्त्रीने अंगावर घालण्याची वस्तू झाली आहे. एखाद्या संहितेचा वाचकवर्ग असा संपूर्ण बदलतो, तेव्हा संहिता तीच राहते काय, हा तौलनिक साहित्याचा जुना प्रश्न आहे. तो येथे कापड आणि केशरचना यांच्या संदर्भात पुन्हा उभा राहतो.

पिन-अपविषयीचे पहिले गंभीर विवेचन फ्रेंच चित्रपटसमीक्षक आंद्रे बाझँ याने १९४६मध्ये केले. कीटकशास्त्रज्ञ ज्या अलिप्ततेने कीटकाचे वर्णन करतो त्या अलिप्ततेने तो या ‘प्रजाती’चे वर्णन करतो, लेखाचे शीर्षकही तसेच आहे. घरापासून दूर असलेल्या सैन्याची गरज आणि प्रकाशनावरील नैतिक निर्बंध यांच्यातील तडजोडीतून ही प्रतिमा जन्मली, असे त्याचे प्रतिपादन आहे. ती उत्तेजित करते, पण मर्यादेतच. ती कारखान्यातल्या मालासारखी प्रमाणित आहे. आणि कल्पनाशक्तीला ती चघळायला देते, पोषण देत नाही. हा निष्कर्ष तत्कालीन वस्तुस्थितीशी बराचसा जुळतो. ‘एस्क्वायर’ या मासिकात १९४०पासून येणाऱ्या आल्बेर्तो वार्गासच्या चित्रांतील स्त्रिया खरोखरच एका साच्यातल्या आहेत. मासिकाने चित्रकाराच्या आडनावातला शेवटचा ‘स’ गाळून त्यांना ‘वार्गा गर्ल’ हे व्यापारी नाव दिले, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे. अमेरिकन टपाल खात्याने १९४३मध्ये या मासिकाची टपालदरातील सवलत काढून घेण्याचे पाऊल उचलले आणि १९४६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे बाझँ ज्या तडजोडीविषयी लिहीत होता तिची सीमारेषा त्याच वर्षी न्यायालयात आखली जात होती. तथापि बाझँच्या लेखात एक पोकळी आहे. चित्रातली स्त्री पाहणारा पुरुषच असतो, हे त्याने गृहीत धरले आहे. लॉरा मल्वी हिच्या १९७५च्या सुप्रसिद्ध निबंधाने या गृहीतकाला सिद्धान्ताचे रूप दिले: पाहणारा पुरुष, पाहिली जाणारी स्त्री. पाहिल्या जाण्यासाठीच मांडलेल्या स्त्रीची उदाहरणे देताना मल्वी पिन-अपचा उल्लेख करते. तिच्या विवेचनाचा हेतू बाझँच्या उलट आहे. पण पिन-अपपुरती दोघांची दृष्टी एकाच दिशेने जाते.

सर्व पिन-अप एकसारख्या पाहत नाहीत, ही साधी गोष्ट त्यामुळे दुर्लक्षित राहिली. गिल एल्व्हग्रेन (१९१४–१९८०) याच्या दिनदर्शिकांतील तरुणी नेहमी एखाद्या क्षुल्लक अपघातात सापडलेली असते. कुत्र्याची साखळी पायात गुंततो, वारा सुटतो, झगा कशात तरी अडकून वर जातो, मोज्यांची कड दिसते, आणि तिचे ओठ आश्चर्याने उघडतात. आपल्याला कोणी पाहत आहे हे तिला ठाऊक नाही, निदान ठाऊक नसल्याचा बहाणा ती करते. याउलट १९४३मध्ये फ्रँक पाउल्नी याने घेतलेल्या छायाचित्रात बेटी ग्रेबल पाठमोरी उभी राहून खांद्यावरून थेट पाहणाऱ्याकडे पाहते आणि हसते. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिचिताला येथे मुग्धा आणि प्रगल्भा हे भेद आठवणे स्वाभाविक आहे. परंतु ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. काव्यातील नायिकेचा नायक काव्याच्या आतच असतो. तिची लज्जा वा प्रौढी त्याला उद्देशून असते आणि रसिक त्या दोघांकडे पाहतो. पिन-अपच्या चौकटीत नायक नाही. आलंबन आहे, आश्रयाची जागा मात्र रिकामी ठेवली आहे. ती जागा पाहणाऱ्याने भरायची, हाच या कलाप्रकाराचा करार. आणि रिकाम्या जागेचा धोका असा की तेथे कोण येऊन उभे राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. वार्गासच्या चित्रांसमोर कारखान्यात कामाला जाणारी स्त्री उभी राहिली आणि तिने केशरचना पाहून घेतली, तर करार मोडला असे कसे म्हणावे?

(मराठी वाचकाला येथे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आठवतील. साम्य वरवरचे आहे. ती मुखपृष्ठे घरात, कुटुंबाच्या देखत हाताळली जात. पिन-अपचे स्थान बराक, गॅरेज आणि विमानाचे नाक. आसामातील तळांवरून हिमालय ओलांडून चीनकडे जाणाऱ्या अमेरिकन विमानांवरही अशी चित्रे रंगवलेली होती. भारतभूमीशी पिन-अपचा संबंध शोधायचा तर तो दिवाळी अंकांत नसून तेथे आहे.)

ही रिकामी जागा स्त्रीने भरल्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा चित्रकर्त्या स्त्रियांच्या कामात मिळतो. झोई मोझर्ट (१९०७–१९९३) ही त्या काळातील आघाडीची पिन-अप चित्रकार. पेस्टल हे तिचे आवडते माध्यम, आणि अनेकदा तिची मॉडेल ती स्वतःच असे. आरशासमोर बसून ती आपल्याच देहाचे चित्र रंगवी. जेन रसेलच्या ‘द आउटलॉ’ या चित्रपटाचे भित्तिचित्रही तिचेच. येथे पाहणारी, पाहिली जाणारी आणि त्या पाहण्याचा मोबदला घेणारी व्यक्ती एकच आहे. मोझर्टने पुरुषी मागणी नाकारली असे मुळीच नव्हे; तिचे काम दिनदर्शिका छापणाऱ्या ‘ब्राउन अँड बिगेलो’ या कंपनीच्या पुरुष ग्राहकांसाठीच होते. पण कोणती रेषा कोठे वळली की कोणता परिणाम साधतो, हे ज्ञान तिला आतून आणि बाहेरून असे दोन्हीकडून होते. पुढील पिढीत मॉडेल असलेली बनी येगर छायाचित्रकार झाली आणि तिने १९५४मध्ये फ्लॉरिडात बेटी पेजची छायाचित्रे घेतली. त्या दोघीही आपले पोहण्याचे पोशाख स्वतः शिवत. आज पिन-अप शैलीच्या प्रेमात पडलेली स्त्री जुने कागदी साचे शोधते, काखेखालची चुणी कोठे घ्यावी यावर तासन्‌तास खर्च करते, तेव्हा तिची पूर्वज ग्रेबल नसते. शिवणयंत्रापुढे बसलेली पेज असते. ज्या समीक्षेला केवळ ‘दृष्टी’चे शास्त्र अवगत आहे तिला हाताचे हे कौशल्य दिसत नाही, आणि या प्रेमाचा मोठा भाग तर हातात आहे.

मारिया एलेना बुसेक हिच्या ‘पिन-अप गर्र्ल्स’ (२००६) या ग्रंथाने पिन-अपच्या स्त्री-वाचनाचा इतिहास प्रथमच सविस्तर मांडला. शीर्षकातला लांबवलेला ‘र’ १९९०च्या दशकातील बंडखोर स्त्री-संगीतचळवळीतून आलेला आहे. त्यात गुरगुर आहे. एकोणिसाव्या शतकातील बर्लेस्क नटींच्या छोट्या छायाचित्रांपासून बुसेक आरंभ करते. आपण पाहिल्या जात आहोत हे या नट्यांना ठाऊक होते आणि ते जाणतेपण त्यांनी लपवले नाही, हे तिचे सूत्र मोलाचे आहे. मात्र ग्रंथ जसजसा पुढे जातो तसतसे हे सूत्र प्रत्येक दाराला लागणाऱ्या किल्लीसारखे वापरले जाते. प्रत्येक दशकात एक बंडखोर सापडतेच. एल्व्हग्रेनच्या चकित तरुणीसारख्या असंख्य चित्रांत जाणतेपण नसून जाणतेपणाचा अभावच विकला जात होता, याचा हिशेब अशा इतिहासात अपुरा राहतो.

प्रेमाच्या वस्तूविषयी आणखी एक अडचण आहे. आज ‘पिन-अप शैली’ म्हणून ओळखला जाणारा वेष कोणत्याही एका वर्षी कोणीही घातलेला नव्हता. केसांचे उंच वळे युद्धकाळातले. तेव्हा केस वर बांधण्याला व्यावहारिक अर्थ होता: अभिनेत्री व्हेरोनिका लेकची एका डोळ्यावर येणारी बट कारखान्यातील स्त्रियांनी उचलू नये म्हणून तिला केशरचना बदलण्याची शासकीय विनंती झाली होती. घेरदार झगा मात्र युद्धकाळातला असू शकत नाही, कारण अमेरिकन युद्ध-उत्पादन मंडळाच्या १९४२च्या ‘एल-८५’ आदेशाने स्त्रियांच्या कपड्यांतील कापडावर कडक मर्यादा घातली होती. नायलॉन पॅराशूटकडे वळले होते आणि मोज्यांची मागची शिवण स्त्रिया पायावर पेन्सिलीने रेखत होत्या. तो घेर क्रिस्तियाँ दिओरने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये सादर केलेल्या संग्रहानंतरचा. कपाळावरची गोलसर झुलपे बेटी पेजची, म्हणजे १९५०नंतरची. तिचे कपाळ उंच असल्याने प्रकाश चमकतो म्हणून जेरी टिब्स या हौशी छायाचित्रकाराने ती सुचवली. पेशाने तो पोलीस होता. प्रकाशयोजनेवरचा एक उपाय अशा रीतीने शैलीचे चिन्ह झाला. तुटवडा आणि सुबत्ता यांची परस्परविरोधी चिन्हे आज एकाच देहावर नांदतात. हा दोष नव्हे. संकलित संहितेचा तो धर्मच आहे. पण ‘जुन्या काळात जाणे’ असे ज्याचे वर्णन केले जाते ते प्रत्यक्षात आजच्या काळातील रचना असते.

या रचनेत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा कळीचा मुद्दा आहे. शैली जुनी, मूल्ये जुनी नव्हेत, अशा आशयाची घोषणा या शैलीच्या उपासकांत लोकप्रिय आहे. स्वेतलाना बॉयम हिने २००१मध्ये स्मरणरंजनाचे पुनःस्थापक आणि चिंतनशील असे दोन प्रकार सांगितले. ही घोषणा दुसऱ्या प्रकारात बसू पाहते. तिच्यामागील सद्भाव निःसंशय आहे. पण मूल्ये शिवणीतून इतक्या सहज उसवता येतात काय? १९४३च्या लॉस एंजेलिसचे उदाहरण घ्यावे. कपाळावर उंच उचललेले केस आणि गडद लिपस्टिक गोऱ्या कामगार स्त्रीच्या मुखावर देशभक्तीची खूण ठरत होती. त्याच वर्षीच्या झूट-सूट दंगलींच्या काळात तेच केस मेक्सिकन-अमेरिकन तरुणीच्या, म्हणजे ‘पचुका’च्या, डोक्यावर गुन्हेगारीचे लक्षण मानले जात होते. कॅथरीन रामिरेझ हिने २००९मध्ये या तरुणींचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. वर्णानुसार विभागलेल्या सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या भिंतींवर लीना हॉर्न होती. वार्गासच्या पानांवर तिच्यासारखीला जागा नव्हती. केशरचना तीच, अर्थ ठरत होता तो डोके कोणाचे आहे यावरून. म्हणून आज लॉस एंजेलिसमध्येच एखादी मेक्सिकन वंशाची तरुणी ते वळे घालते, तेव्हा ती ग्रेबलचे अनुकरण करत आहे की आपल्या आजीच्या पिढीचे केस परत घेत आहे, हे चित्रावरून सांगता येत नाही. घोषणेपेक्षा हे अनिश्चितपण अधिक आशयघन आहे.

बेटी पेजच्या चरित्रात हे सारे ताण एकत्र येतात. १९५५मध्ये सिनेटच्या उपसमितीने तिची छायाचित्रे विकणाऱ्या अर्व्हिंग क्लॉची चौकशी केली. १९५७मध्ये तिने हा व्यवसाय सोडला आणि पुढील अनेक वर्षे धर्मनिष्ठा, दारिद्र्य आणि मानसिक आजार यांत काढली. दरम्यान डेव्ह स्टीव्हन्सने १९८२मध्ये ‘द रॉकेटियर’ या चित्रकथेतील नायकाच्या प्रेयसीला तिचा चेहरा दिला. कथानक १९३८मधले, तेव्हा पेज पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी होती. या चित्रकथेतून तिच्या प्रेमाची नवी लाट उसळली, आणि जिच्यावर हे प्रेम होते तिला त्याची बराच काळ कल्पनाही नव्हती. ती हयात आहे हे कळल्यावर स्टीव्हन्सने तिला मदत केली, तिच्या प्रतिमेचे उत्पन्न तिच्यापर्यंत पोहोचू लागले. १९९०च्या दशकात ती मुलाखती देऊ लागली, पण वार्धक्यातला चेहरा छापू देण्यास ती सामान्यतः नकार देत असे. लोकांनी आपल्याला पूर्वीसारखेच लक्षात ठेवावे अशी तिची इच्छा होती. हा नकार पुरुषी दृष्टीला शरण जाणे आहे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु मोझर्टच्या आरशाच्या संदर्भात पाहिले तर त्याचा दुसरा अर्थ लागतो. जी प्रतिमा तिने स्वतः शिवलेल्या कपड्यांत, स्वतः ठरवलेल्या हास्यासह घडवली होती, तिच्या संहितेत पुढचे पान जोडू न देण्याचा अधिकार ती वापरत होती. २००८मध्ये तिचे निधन झाले. तिची झुलपे आज साठी ओलांडलेल्या स्त्रियाही कापून घेतात आणि आपले सुरकुतलेले चेहरे त्यांखाली निःसंकोच दाखवतात. पेजने जे पान जोडू दिले नाही ते त्या लिहीत आहेत. तिच्या परवानगीशिवाय, पण तिच्याच हस्ताक्षरात.